चार नगरसेवकांचा एक प्रभाग: मत कसे द्यावे आणि पुढची पाच वर्षे काम कसे करून घ्यावे

चार सदस्यांच्या प्रभागात एकाच दिवशी, एकाच खोलीत चार स्वतंत्र निवडणुका होतात आणि त्यांतल्या प्रत्येकीत तुमचे एक मत असते. एवढे नीट ध्यानात आले की मतदान केंद्रातला बराच गोंधळ टळतो. निवडून आलेल्या चौघांकडून काम करून घेताना कुठे बोट ठेवायचे, तेही कळते.

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. मुंबई सोडून बाकी सगळीकडे बहुसदस्यीय प्रभाग होते. मुंबईत २२७ प्रभाग, प्रत्येकाला एक नगरसेवक आणि मतदाराला एक मत. पुण्यात १६५ नगरसेवक आणि ४१ प्रभाग: चाळीस प्रभाग चार सदस्यांचे, एक पाच सदस्यांचा. नागपुरात ३८ प्रभागांत १५१ जागा, म्हणजे ३७ प्रभाग चारचे आणि एक तीनचा. नगरपरिषदांत प्रभाग साधारणपणे दोन सदस्यांचा असतो आणि नगराध्यक्ष थेट निवडला जातो, त्यामुळे तिथे तीन मते. नगरपंचायतीत १७ प्रभाग, प्रत्येकी एक सदस्य. नगराध्यक्षाचे धरून दोन मते.

ही पद्धत कायम टिकणारी नाही, हेही लक्षात असू द्या. २००२ ला तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ ला एक सदस्याचे, २०१२ ला दोनचे, २०१७ ला चारचे. मध्ये पुन्हा एक आणि तीन असे निर्णय झाले आणि फिरले. म्हणून मागच्या वेळच्या सवयीवर विसंबून केंद्रात जाऊ नका. तुमच्या प्रभागात किती जागा आहेत, हे दर वेळी नव्याने पाहा.

प्रभागाची हद्द आणि हरकत

प्रभाग आखताना महापालिकेची एकूण लोकसंख्या भागिले एकूण सदस्य, गुणिले त्या प्रभागातले सदस्य, असे सूत्र असते. त्यात दहा टक्के कमी-जास्त चालते. पुण्याचा हिशेब केला तर चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी सुमारे ८४ हजार येते, म्हणजे साधारण ७६ ते ९३ हजारांच्या मध्ये. हे आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत. प्रत्यक्षात वाढत्या उपनगरांत माणसे त्याहून कितीतरी जास्त आहेत, आणि नगरसेवक गाठ पडत नाही या तक्रारीचे एक मूळ इथेच आहे.

प्रारूप रचना जाहीर झाली की हरकती आणि सूचनांसाठी थोडे दिवस मिळतात, मग सुनावणी होते. हरकत टिकावी असे वाटत असेल तर ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढे लिहून भागत नाही. हद्दीच्या वर्णनातला रस्ता, नाला किंवा रेल्वेमार्ग नावाने सांगा. कोणता प्रगणक गट (जनगणनेसाठी पाडलेला घरांचा छोटा गट) कुठून काढून कुठे घालावा ते सांगा. तो बदल केल्यावर दोन्ही प्रभागांची लोकसंख्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत राहते, हा हिशेब जोडा. एकच वस्ती दोन प्रभागांत चिरली गेली असेल किंवा मोठा महामार्ग, नदी ओलांडून हद्द गेली असेल, तर तो मुद्दा सुनावणीत वजनदार ठरतो. शंभर जणांनी एकाच मजकुराच्या प्रती दिल्या तरी मुद्दा एकच धरला जातो. त्यापेक्षा नकाशावर लाल रेघ मारलेली एक हरकत जास्त काम करते.

यादीत नाव कुठे आहे

महापालिकेसाठी वेगळी मतदारयादी तयार होत नाही. विधानसभेची यादी ठरावीक तारखेची घेतात आणि प्रभागानुसार फोडतात. २०२६ च्या निवडणुकीसाठी ती तारीख १ जुलै २०२५ होती. यातून दोन गोष्टी निघतात. एक, नवीन नाव नोंदवायचे असेल तर ते विधानसभेच्या यादीत आणि त्या तारखेच्या आधीच नोंदवले पाहिजे. प्रभागाची प्रारूप यादी आल्यावर धावपळ करून नवे नाव घालता येत नाही. दोन, प्रारूप यादीवर हरकत घेता येते ती मर्यादित चुकांबद्दल: नाव चुकून शेजारच्या प्रभागात गेले, विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीत उतरले नाही, किंवा लेखनिकाची चूक झाली.

शेजारच्या प्रभागात नाव जाणे हा सर्वांत जास्त होणारा घोटाळा आहे. हद्द रस्त्याच्या मधून गेलेली असते आणि यादी फोडताना अख्खी इमारत पलीकडे पडते. म्हणून एकट्याचे नाव पाहून थांबू नका. सोसायटीतल्या किंवा चाळीतल्या दहा-बारा घरांची नावे पाहा. सगळीच पलीकडे गेली असतील तर एकत्र हरकत द्या, सोबत इमारतीचा मालमत्ता कराचा उतारा जोडा. मतदानाच्या दिवशी हे कळले तर उपाय उरत नाही. ज्या प्रभागाच्या यादीत नाव आहे तिथेच मत द्यावे लागते.

दुबार नावांपुढे यादीत दोन तारे छापलेले असतात. तुमच्या नावापुढे ते दिसले तर कुठल्या केंद्रावर मत देणार, हे आधीच लेखी कळवून टाका. म्हणजे दुसरीकडे मत देणार नाही, असे हमीपत्र केंद्रावर भरण्यात वेळ जात नाही.

अ, ब, क, ड म्हणजे काय

प्रभागातल्या प्रत्येक जागेला एक अक्षर आणि बहुतेक वेळा एक आरक्षण असते. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात, नागरिकांच्या मागास प्रवर्गाला २७ टक्के, आणि या सगळ्यांत मिळून निम्म्या जागा महिलांना. चार सदस्यांच्या प्रभागात त्यामुळे दोन जागा महिलांच्या असतात. आरक्षणाच्या यादीत ‘नामाप्र’ असे लिहिलेले दिसते, ते नागरिकांचा मागास प्रवर्ग याचेच लघुरूप.

आरक्षण उमेदवारासाठी असते, मतदारासाठी नसते. ‘अ’ जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव असली तरी प्रभागातला प्रत्येक मतदार तिथे मत देतो. सर्वसाधारण जागेवर महिलाही उभी राहू शकते आणि राखीव प्रवर्गातला उमेदवारही. राखीव जागेवरची नगरसेविका ‘फक्त त्या समाजाची’ असा समज अजूनही ऐकू येतो. कायद्याने ती अख्ख्या प्रभागाची आहे, बाकी तिघांइतकीच.

उमेदवार ठरवताना

इथे थोडा जास्त वेळ द्या, कारण या पद्धतीत चूक झाली की ती चारपट होते.

प्रचारात चारही उमेदवार एका गाडीवर उभे असतात आणि ‘पॅनेल टू पॅनेल मतदान करा’ असा आग्रह होतो. चारही मते एका पक्षाला देणे योग्य की नाही, हा तुमचा निर्णय. पण तो चारही नावे वाचून घ्या. पॅनेलमध्ये सहसा एक चेहरा ओळखीचा असतो आणि बाकीचे त्याच्या बळावर तरतात. अ जागेवर एका पक्षाचा, ब वर दुसऱ्याचा आणि क वर अपक्ष निवडायला कसलीही आडकाठी नाही. एकही मत त्याने बाद होत नाही.

प्रत्येक उमेदवाराचे शपथपत्र राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात पाहायला मिळते. त्यात गुन्हे आणि मालमत्ता हे दोन रकाने सगळेच बघतात. तिसरा रकाना बघा: पत्ता. महापालिका हद्दीत कुठेही मतदार असलेली व्यक्ती कुठल्याही प्रभागातून उभी राहू शकते. ऐंशी हजार वस्तीच्या प्रभागात चौघेही एकाच टोकाचे निघाले, तर दुसऱ्या टोकाला पाच वर्षे कुणी फिरकत नाही. कागदावर प्रभागाचा नकाशा काढून चारही जागांवरच्या प्रमुख उमेदवारांची घरे त्यावर टिंबांनी मांडा. पाच मिनिटांचे काम आहे, पण चार मते कशी वाटायची याचे उत्तर पुष्कळदा त्याच नकाशात मिळते.

पूर्वी नगरसेवक राहिलेला उमेदवार असेल तर मुख्य सभेतली, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेतली, त्याची हजेरी आणि विचारलेले प्रश्न नगरसचिव कार्यालयाकडून माहिती अधिकारात मिळतात. उत्तराला तीस दिवस लागू शकतात, म्हणून अर्ज आचारसंहिता लागण्याच्या बराच आधी द्या.

शेवटी चार रकान्यांचे टिपण करा: जागा, उमेदवार, अनुक्रमांक, चिन्ह. अनुक्रमांक महत्त्वाचा आहे, कारण एकाच पक्षाचा उमेदवार अ जागेच्या मतपत्रिकेवर दुसरा आणि ड वर पाचवा असू शकतो. वरून दुसरे बटण चारही ठिकाणी दाबत गेलात तर चार वेगळ्याच लोकांना मते जातील. टिपण घरी पाठ करा. पक्षाचे चिन्ह छापलेली चिठ्ठी केंद्रात नेऊ नका.

यंत्रासमोर

मतदानाची वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा: अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा. उमेदवार कमी असतील तर एकाच यंत्रावर दोन जागांच्या मतपत्रिका एकाखाली एक लावलेल्या असतात. उमेदवार खूप असतील तर एकच जागा दोन यंत्रांवर पसरते. म्हणून समोरची यंत्रे मोजत बसू नका. रंग आणि अक्षर पाहा.

आधी अ मग ब असा क्रम पाळलाच पाहिजे असे नाही. नावासमोरचे बटण दाबले की तिथला दिवा लागतो आणि त्या जागेचे मत नोंदले जाते. त्याच जागेत दुसरे बटण दाबून ते बदलता येत नाही, आणि एकाच जागेत दोघांना मत देता येत नाही. चारही जागांची मते नोंदली गेली की लांब बीप ऐकू येतो. तो वाजेपर्यंत तुमचे मतदान पूर्ण झालेले नाही.

इथेच सगळ्यात जास्त अडते. ओळखीच्या एका उमेदवाराला मत देऊन मतदार बाहेर पडायला लागतो, बीप वाजत नाही, अधिकारी थांबवतात, मागे रांग खोळंबते. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर त्या जागेतले ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण दाबा. ते प्रत्येक जागेला वेगळे असते. घरातल्या वयस्कर माणसांना हे आदल्या दिवशी कागदावर चार चौकोन काढून समजवा. तोंडी सांगितलेले आत गेल्यावर आठवत नाही.

मत कुणाला गेले हे दाखवणारी कागदी पावती या निवडणुकीत नसते. लोकसभा-विधानसभेची सवय असलेले मतदार तिची वाट पाहत उभे राहतात. दिवा आणि बीप, एवढीच खूण.

एखाद्या जागेवर उमेदवार बिनविरोध आला असेल तर त्या जागेचे मतदान होत नाही. मग चारऐवजी तीनच मते असतात. २०२६ मध्ये कल्याण-डोंबिवलीतल्या बिनविरोध जागा बऱ्याच गाजल्या. अशा वेळी केंद्रात जाण्याआधी किती जागा लढल्या जात आहेत, ते पाहून घ्या.

मते मोजली कशी जातात

जागा वेगळी, मोजणी वेगळी. ज्या जागेत ज्याला सर्वांत जास्त मते, तो तिथे निवडून आला. समान मते पडली तर चिठ्ठी टाकतात.

ड जागेवर १४ हजार मते घेऊन पडलेला उमेदवार आणि अ जागेवर ९ हजारांत जिंकलेला उमेदवार एकाच प्रभागात असू शकतात. पडलेल्याला आपली जास्त मते दाखवून काहीच मागता येत नाही, कारण त्या दोन वेगळ्या निवडणुका होत्या. काही देशांत बहुसदस्यीय प्रभागात पसंतीक्रम देतात आणि मतांच्या प्रमाणात जागा वाटल्या जातात. आपल्याकडे तसे नाही. समजा प्रभागात तीन पॅनेलना अनुक्रमे ४०, ३५ आणि २५ टक्के मते आहेत आणि लोकांनी चिन्ह पाहूनच चारही बटणे दाबली. मग ४० टक्क्यांच्या पॅनेलला चारही जागा मिळतात आणि उरलेल्या ६० टक्क्यांचा एकही प्रतिनिधी नसतो. प्रभाग मोठा झाला म्हणजे वेगवेगळ्या मतांना आपोआप जागा मिळते, असे मुळीच नाही. ती मिळते ती मतदारांनी जागा पाहून मत दिले तर.

निवडून आल्यावर: चौघांना एकत्र धरा

निकालानंतर थोड्याच दिवसांत चौघे आपापसात प्रभाग वाटून घेतात. ‘तो भाग माझ्याकडे नाही, ताईंकडे जा’ हे वाक्य मग सुरू होते. या वाटणीला कायद्यात आधार नाही. चारही सदस्य पूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी आहेत. वाटणी सोयीची असेल तर तिचा उपयोग करा, पण ती उत्तर म्हणून मान्य करू नका.

सगळ्यात साधे आणि परिणामकारक हत्यार म्हणजे चौघांच्या नावे एकच पत्र. वर चारही नावे, अ ते ड क्रमाने. खाली एकच विषय. प्रत क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना. या कार्यालयाला पुण्यात क्षेत्रीय कार्यालय, नागपुरात झोन आणि नाशकात विभागीय कार्यालय म्हणतात. आवक-जावक खिडकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका. आवक क्रमांक नसलेले पत्र पुढे कुठेच दाखवता येत नाही. चारही नावे एका कागदावर असली की ‘मला माहीतच नव्हते’ ही पळवाट बंद होते, आणि दोन पक्षांचे सदस्य असतील तर आधी कोण पोचते याची चढाओढही लागते.

पण पत्र कशासाठी लिहायचे, ते ठरवा. तुंबलेले गटार, बंद दिवा, न उचललेला कचरा यांसाठी नगरसेवकाची गरजच पडू नये. ती तक्रार महापालिकेच्या ॲपवर किंवा थेट कनिष्ठ अभियंता, आरोग्य निरीक्षक यांच्याकडे करा, तक्रार क्रमांक जपा. दोन तक्रारी करूनही काम झाले नाही, तर ते क्रमांक लिहून चौघांकडे जा. नगरसेवकाचे खरे काम तीन ठिकाणी असते: अंदाजपत्रकात तरतूद, समित्यांमधले निर्णय, आणि मुख्य सभेत धोरणावर मत. नवा रस्ता, जलवाहिनी, दवाखान्याची जागा, उद्यानाचे आरक्षण हे त्यांच्याकडे न्यायचे विषय.

अंदाजपत्रकाचे वेळापत्रक ध्यानात ठेवा. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते; आयुक्तांचे अंदाजपत्रक त्याआधी स्थायी समितीकडे आणि मग मुख्य सभेकडे जाते. आकडे खालून जमवायला त्याच्याही आधी सुरुवात होते. म्हणून पुढच्या वर्षाचे काम हवे असेल तर मागणी ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत चौघांच्या आणि अभियंत्याच्या हाती पडली पाहिजे. फेब्रुवारीत दिलेले पत्र बहुतेक वेळा एक वर्ष मागे पडते. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक आहे. तिथे छोटी कामे नागरिक स्वतः सुचवू शकतात.

स्थायी समितीत १६ सदस्य असतात आणि दरवर्षी निम्मे बदलतात. तुमच्या चौघांपैकी कुणी त्यात असेल तर त्या वर्षात निविदा आणि खर्चाच्या विषयांचा पाठपुरावा त्यांच्याकडे करा. प्रभाग समितीत परिसरातले सगळे नगरसेवक बसतात. तिच्या बैठकीची तारीख क्षेत्रीय कार्यालयात विचारा आणि विषयपत्रिकेवर मुद्दा घ्यायला लेखी सांगा. २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेचीही, म्हणजे प्रभागातल्या छोट्या भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद आली: दोन वर्षांत किमान चार सभा. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली आहे. तुमच्या प्रभागात क्षेत्रांची आखणी झाली का, सभा कधी झाल्या, इतिवृत्ते कुठे आहेत, हे लेखी विचारणारा अर्ज पडला की निदान हालचाल सुरू होते.

चार नगरसेवकांच्या प्रभागातला खास घोटाळा म्हणजे एकाच कामावर दोघांची तरतूद. गल्लीचे काँक्रीटीकरण एकाने सुचवले, वर्षभरात पदपथासह तेच दुसऱ्यानेही सुचवले, आणि फलक मात्र दोन लागले. हे पकडायचे तर माहिती अधिकारात कामाचे पूर्वगणनपत्रक (खर्चाचा आधी केलेला अंदाज), कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश) आणि मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) प्रत मागा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. गल्लीचे नाव, आर्थिक वर्ष आणि ‘या कामाच्या शीर्षाखाली झालेली सर्व देयके’ एवढेच लिहा. ‘प्रभागातल्या सर्व कामांची माहिती’ असे मागितले की माहिती विस्तृत आहे, कार्यालयात येऊन पाहा, असे उत्तर येते. मोजमाप पुस्तिकेतली लांबी-रुंदी टेप घेऊन जागेवर ताडून पाहा. दोन कामांची मापे एकाच पट्ट्यावर बसत असतील तर त्या प्रतींसह मुख्य लेखापरीक्षकांकडे तक्रार द्या.

कार्यकाळ संपण्याआधी एखादी जागा रिकामी झाली, मृत्यूने, राजीनाम्याने किंवा जातवैधता प्रमाणपत्र नसल्याने पद रद्द होऊन, तर पोटनिवडणूक फक्त त्या अक्षराच्या जागेची होते. मतदान मात्र अख्खा प्रभाग करतो आणि जागेचे आरक्षण आधीचेच राहते. तोवर उरलेले तिघे पूर्ण प्रभागाला बांधील असतात. रिकाम्या जागेच्या नगरसेवकाकडे दिलेली पत्रे आपोआप कुणाकडे जात नाहीत. त्यांच्या आवक क्रमांकांची यादी करून तिघांच्या नावे पुन्हा दाखल करा.